बीदर-कलबुर्गीहून विमानप्रवास : स्वस्त तिकिटाचा हिशेब

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक मराठी घरांतले कोणी ना कोणी बेंगळुरू, पुणे, मुंबई किंवा आखातात आहे. दिवाळी जवळ आली किंवा गावाकडे कोणी आजारी पडले की तिकीट शोधणे सुरू होते. मोबाईलवर सगळ्यात कमी दिसणारा आकडा पाहून तिकीट काढले जाते आणि खरा खर्च नंतर कळतो. भालकी, औराद किंवा आळंदच्या दारातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत जे लागते, तेच खरे भाडे.

कलबुर्गीचा विमानतळ 22 नोव्हेंबर 2019 रोजी सुरू झाला, बीदरचा 7 फेब्रुवारी 2020 रोजी. हैदराबाद विमानतळाच्या करारात 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको अशी अट होती, त्यामुळे बीदरला बरीच वाट पाहावी लागली. दोन्हीकडची सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून आली. या योजनेत विमानातील ठरावीक जागांच्या भाड्याला मर्यादा असते. सुरुवातीला ती तासाभराच्या उड्डाणाला सुमारे 2,500 रुपये होती. कंपनीचा तोटा भरून देणारे अनुदान मात्र तीन वर्षांपुरतेच. म्हणूनच फेऱ्या टिकत नाहीत. बीदरची ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. मग स्टार एअर आली, तीही मध्यंतरी बंद पडून एप्रिल 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. बेंगळुरूला जायचे असेल तर आधी ही जवळची फेरी चालू आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. पण लग्नाची तारीख किंवा परदेशचे पुढचे विमान एकाच कंपनीच्या एका फेरीवर अवलंबून ठेवू नये.

बीदरकरांचा रोजचा विमानतळ शमशाबादच. मार्ग भरपूर, कंपन्या अनेक, त्यामुळे भाड्यात चढाओढ. आळंद-अफजलपूरकडच्यांनी सोलापूरही तपासावे. तिथून 2025 मध्ये गोव्याची आणि मुंबईची सेवा सुरू झाली.

शमशाबादला पहाटेचे किंवा रात्री उशिराचे विमान स्वस्त दिसते. बीदरहून हैदराबादची बस शहरात सोडते, तिथून विमानतळाची पुष्पक बस घ्यावी लागते. अवेळी हे जमत नाही आणि खास गाडी करावी लागते. समजा रात्रीचे विमान माणशी 800 रुपयांनी स्वस्त आहे आणि गाडीला 3,500 लागले. चौघांचे वाचले 3,200, म्हणजे तरीही 300 रुपये अंगावर. एकट्या माणसाने तर दुपारचे विमान आणि बसच धरावी. मुंबईसाठी कलबुर्गीहून रात्रीची रेल्वे मिळत असेल, तर विमानाचा विचार घाई असेल तरच.

तिकीट शोधताना एक गोष्ट जरूर करावी. विमानातील जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत असतात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण चार मागितल्या, तर चौघांनाही वरचा दर लागतो. आधी एका माणसाचा दर पाहावा, मग चौघांचा. फरक मोठा असेल तर दोन-दोन तिकिटे काढावीत. मात्र लहान मुले मोठ्यांच्याच तिकिटावर ठेवावीत. दहा किंवा जास्त जण एकत्र जात असाल तर कंपनीच्या समूह-विभागाकडे विचारावे. दर कमीच मिळेल असे नाही, पण नावे उशिरा देण्याची सवलत बहुधा मिळते.

रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे बुडाले असे समजून अनेक जण ते सोडून देतात. विमान वाहतूक संचालनालयाच्या नियमानुसार ‘परतावा नाही’ अशा सवलतीच्या तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते, अगदी विमान चुकले तरी. ते मागावे. एजंटाकडून तिकीट काढले असेल तर त्याचे शुल्क वेगळे कापले जाईल, हे धरून चालावे.

आपल्याकडे नावाचा घोळ नेहमीचा. कन्नड शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरे, आधारवर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. देशांतर्गत प्रवासात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचेच नाव घालावे, परदेशासाठी पासपोर्टवरचे. कंपनीकडून थेट काढलेल्या तिकिटात नावाची चूक 24 तासांच्या आत कळवली तर दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत. तिकीट मात्र दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आमिराती नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांबाबत कडक झाली आहे. दुबईला जाणाऱ्यांनी तिकिटाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

परदेशी जाताना बीदर-बेंगळुरू आणि पुढचे विमान अशी दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात खरी. पण पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. आखातासाठी शमशाबादहून थेट विमाने आहेत, तीच आधी पाहावीत. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर बेंगळुरूला आदल्या दिवशी पोहोचावे आणि मुक्कामाचा खर्च हिशेबात धरावा.