फोटोबाहेरची तळी

गेल्या दिवाळीत माझी पुण्याची भाची नवऱ्यामुलांसह चार दिवस जबलपूरला राहून गेली. परतीच्या गाडीत बसल्यावर तिनं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली. इटारसी येईपर्यंत त्रेसष्ट झाले. भेडाघाटच्या नावेत बसलेली मंडळी, धुआंधारच्या तुषारांत भिजलेले चेहरे, चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्यांवर दमून बसलेला जावई; आणि बरगीच्या जलाशयावर मावळणारा सूर्य तर अकरा वेळा. नाशिकहून, ठाण्याहून, न्यू जर्सीहून कौतुक सुरू झालं. ‘हे खरंच आपलं जबलपूर?’ असं दोघातिघांनी विचारलं. त्या गर्दीत नागपूरच्या आत्याची एक ओळ होती. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे, बोलून टाइप करते. तिनं लिहिलं होतं, ‘आपली तलैया नाही दिसली गं कुठे?’

तिला कुणी उत्तर दिलं नाही. भाचीला तलैया म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ते उत्तर खरं तर माझ्याकडे होतं. मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली, आणि मी राहतो ते घर त्या तलैयाच्या जागेवरच उभं आहे.

आधी त्रेसष्ट फोटोंविषयी. भाचीला वाटतं ते तिनं काढले. पण नाव कुठं थांबली की कॅमेरा वर करायचा, हे दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेलं आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता सलग आगगाडीचा प्रवास शक्य झाला. जबलपूर हे त्या वाटेवरचं मधलं ठिकाण. साहेब लोक इथं एक दिवस उतरत, टांगा करत आणि वीसेक किलोमीटरवरचे संगमरवरी कडे पाहून पुढची गाडी पकडत. जेम्स फोर्साइथ या वनाधिकाऱ्याचं मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं. त्यातलं भेडाघाटचं वर्णन पुढं किती तरी लेखकांनी उचललं. चांदण्या रात्री नावेतून जावं, शांतपणे जावं, कड्यांवरच्या मधमाश्यांना डिवचू नये, असा उपदेशही प्रवाशांना होऊ लागला. त्याला कारण होतं: रेल्वेच्या सर्वेक्षणासाठी आलेला एक इंग्रज अभियंता त्या माश्यांपासून वाचण्यासाठी नदीत उतरला आणि बुडून मेला होता.

त्या काळचा कॅमेरा तिवईवर असे, काच ओली असताना फोटो घ्यावा लागे आणि समोरचं दृश्य काही सेकंद तरी हलून चालत नसे. कड्यांमधलं नर्मदेचं संथ पाणी त्याला सोयीचं होतं. माणसांची गर्दी सोयीची नव्हती. त्यामुळे फोटोतलं भेडाघाट निर्मनुष्य झालं. प्रत्यक्षात ते कधीच तसं नव्हतं. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा कर्नल स्लीमन १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींची सुरुवातच भेडाघाटच्या जत्रेनं करतो. कार्तिकात लांबलांबून लोक इथं येत ते नर्मदेत बुडी मारायला, देखावा बघायला नव्हे. पुढं १९६० साली ‘जिस देश में गंगा बहती है’ आला, भेडाघाट देशभर पडद्यावर दिसलं, आणि उरलासुरला संशय मिटला. जबलपूरचं पाहण्यासारखं पाणी म्हणजे भेडाघाट.

मग शहरातलं पाणी? जबलपूरला बावन ताल-तलैयांचं शहर म्हणत. बावन्न हा आकडा इथला लाडका. गोंड राजा संग्रामशाहाचे गडही बावन्नच सांगतात. नेमकी किती तळी होती याचा वाद घालण्यात अर्थ नाही. नावंच पुरेशी आहेत. रानीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल, भंवरताल, मढाताल, देवताल, सूपाताल, संग्रामसागर. यातली पहिली तीन एकत्र घ्यायची असतात. रानीताल राणी दुर्गावतीचं, चेरीताल तिच्या दासीचं, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचं, असं इथलं लहान मूलही सांगतं. राणीच्या नावाचं तळं कुठल्याही राज्यात सापडेल. दासीच्या नावाचं तळं राणीच्या तळ्याच्या पंक्तीला बसवणारी आठवण मात्र मला दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

दुर्गावती कालिंजरच्या चंदेलांची मुलगी, गढ्याच्या दलपतशाहाची बायको. नवरा गेल्यावर लहानग्या वीरनारायणाच्या नावानं तिनं राज्य चालवलं, आणि अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा २४ जून १५६४ रोजी नर्रईजवळ लढताना ती मेली. शाळेत आम्ही तिचं मरण शिकवतो, कारण परीक्षेत तेच विचारतात. पण ज्या प्रदेशात पाऊस चार महिने पडतो आणि खडक ग्रॅनाइटचा आहे, तिथं राज्य चालवणं म्हणजे मुख्यतः पाणी अडवणं. मदनमहालच्या टेकड्यांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी खाली तळ्यांत थांबे, मुरे, आसपासच्या विहिरींना पुरे. गोंड राजवटीचं हे काम मैदानात दिसत नाही, म्हणून ते धड्यातही नाही.

आम्हा मराठी माणसांचा इथं आणखी एक हिशेब आहे. गढा-मंडल्याचं गोंड राज्य मोगलांच्या हातून संपलं नाही. ते १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी संपवलं. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतलं. म्हणजे इथं मराठी अंमल उणीपुरी छत्तीस वर्षं. गणेशोत्सवातल्या भाषणांत त्या काळाचा अभिमानानं उल्लेख होतो. मीही केलेला आहे. आपण कुणाचं राज्य घेतलं हे त्या भाषणात कुणी सांगत नाही. त्याच गोंड घराण्यातल्या शंकरशाह आणि रघुनाथशाह या बापलेकांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी दिलं.

तळी मात्र राज्यं बदलली तरी राहिली. ती संपली आमच्या डोळ्यांदेखत. रानीतालच्या जागी आज क्रीडासंकुल आहे. चेरीताल ही वस्ती आहे. मढाताल बाजार आहे. भंवरताल बाग आहे. आचार्य रजनीशांना १९५३ मध्ये तिथल्या बकुळीखाली बोध झाला असं त्यांचे अनुयायी मानतात. पुण्याहून येणारे पाहुणे ते झाड आवर्जून बघतात, नावातल्या ‘ताल’ची चौकशी करत नाहीत. हनुमानताल, आधारताल शिल्लक आहेत, पण काठ आत सरकत गेलेले.

आमची तलैया या यादीत कुठंच नाही, इतकी ती लहान होती. तिचा फोटो एकच आहे, आणि तोही तिचा म्हणून काढलेला नाही. साठीच्या दशकात वडिलांकडे बॉक्स कॅमेरा होता. एका रिळात बारा फोटो. रीळ महाग, धुलाई महाग, म्हणून बारापैकी आठ-नऊ भेडाघाटवर खर्च होत, कारण नातेवाइकांना पोस्टानं पाठवायचे ते तेच. घराशेजारच्या पाण्यावर फोटो कोण वाया घालवणार? एकदा मात्र आत्याचा फोटो हवा होता, नागपूरच्या स्थळाला पाठवायला. स्टुडिओत जायला आजी तयार नव्हती. सकाळच्या उन्हात आत्याला तलैयाच्या काठी उभं केलं. नऊवारीतली आजी चौकटीच्या कडेला अर्धी आली आहे. मागं दगडी पायऱ्या, पाण्यात एक म्हैस, आणि पलीकडे वाळत घातलेली धुणी. स्थळ पसंत पडलं. एक प्रत नागपूरला गेली, एक आमच्या अल्बमात राहिली.

पुढं नळ आले. पायऱ्यांवर जाणं कमी झालं, मग पाण्यात घरांची गटारं सुटली, मग वास येऊ लागला, आणि वास येणारी जागा बुजवा अशी मागणी आम्ही मोहल्लेवाल्यांनीच केली. अर्जावर वडिलांची सही होती. दोन उन्हाळे मुरमाचे ट्रक आले. भरावावर प्लॉट पडले, त्यातला एक वडिलांनी घेतला आणि १९७८ मध्ये घर बांधलं. स्वस्तात मिळाला होता. वास्तुशांतीला आत्या आली, सगळं घर फिरून बघितलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, ‘दादा, तू पायऱ्यांवर चूल मांडलीस रे.’ वडील हसले. मीही हसलो होतो.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. घर पडलं नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तिरकी भेग गेली. खडकावरच्या बांधकामापेक्षा सैल भरावावरचं बांधकाम जास्त हलतं, हे कारण एका इंजिनिअर विद्यार्थ्यानं मला नंतर समजावून सांगितलं. मदनमहालच्या टेकडीवरची ती प्रसिद्ध तोललेली शिळा त्या पहाटे जागची हलली नाही.

आता बरगी. भाचीचे सगळ्यात देखणे फोटो तिथलेच. क्षितिजापर्यंत पाणी, मधूनच वर आलेले डोंगरमाथे, नारिंगी आभाळ. ‘जबलपूरचं स्वित्झर्लंड’ असं तिनं खाली लिहिलं. हा तलाव तिच्याहून फार थोरला नाही. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या साखळीतलं हे पहिलं पुरं झालेलं धरण. काम सत्तरीच्या दशकात सुरू झालं, १९९० मध्ये जलाशय भरला. १०१ गावं बाधित होतील असा अंदाज होता. पाणी चढलं तेव्हा जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली मिळून १६२ निघाली. विस्थापितांत मोठा वाटा गोंडांचा. जलाशयाला १८५७च्या उठावातल्या रामगडच्या राणी अवंतीबाईचं नाव दिलं आहे. शहरात राणीचं तळं बुजवून आम्ही मैदान केलं, आणि शहराबाहेर गावं बुडवून दुसऱ्या राणीच्या नावाचं तळं केलं.

जमीन गेलेले कित्येक जण जबलपूरला सायकल रिक्षा ओढायला आले. नव्वदीच्या दशकात मला शाळेत नेणारा एक रिक्षावाला त्यातलाच होता. गावाचं नाव विचारलं की सांगायचा आणि पुढं जोडायचा, ‘अब पानी में है.’ आपल्या गावाचा एकही फोटो त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या शेजारगावच्यांनी मात्र हार मानली नाही. संघटना बांधली, भांडले, आणि १९९४ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाकडे आला. भाचीच्या अकरा सूर्यास्तांपैकी तीन फोटोंत दूरवर एक छोटी होडी आहे, एक माणूस वाकून जाळं ओढतो आहे. तिनं ती होडी शोभेसाठी घेतली असेल. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

भाचीचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. सहल आनंदासाठीच असते, आणि बरगीचा सूर्यास्त खरोखर सुंदर आहे. पण बारा फोटोंचं रीळ होतं तेव्हा वडिलांनी जे गाळलं, तेच त्रेसष्ट फोटोंतही गळलं. रीळ महाग होतं, हे कारण मग पुरं पडत नाही. पाहण्यासारखं पाणी घरापासून लांब असतं, असं आम्ही पिढ्यान्पिढ्या एकमेकांना पाठवत आलो. म्हणून शेजारचं पाणी बुजवताना हात अडखळला नाही, आणि लांबचं पाणी बघताना त्याच्याखाली काय आहे हा प्रश्न पडला नाही. फोटो खोटं बोलत नाहीत. पण कुठल्या जागेसाठी भांडायचं आणि कुठली जागा जाऊ द्यायची, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो.

आठवडाभरानं मी अल्बम उघडला, आत्याचा तो फोटो काळजीपूर्वक सोडवला आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मग स्वयंपाकघरातल्या भेगेचाही काढला. दोनदा सिमेंट भरूनही ती रंगाखाली दिसतेच. दोन्ही ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, ‘आत्या, ही आपली तलैया. आणि ही तिचीच जागा, आजची.’

न्यू जर्सीहून एक बदाम आला. भाचीनं विचारलं, ‘मामा, मागची म्हैस आपली होती?’ रात्री उशिरा आत्याचं उत्तर आलं.

‘म्हैस शेजारच्यांची. आणि पायऱ्या सात होत्या रे. फोटोत पाचच आल्यात.’