पुण्याच्या पेठा : कौल आणि पाणी

मुळा-मुठेच्या परिसरात विसावलेल्या पुण्यनगरीस विद्येचे माहेरघर म्हणून गौरविले जाते. तथापि या नगरीची जडणघडण समजून घ्यावयाची तर तिच्या पेठांकडेच वळावे लागते. पेठ म्हणजे बाजाराची वसाहत. अशा पेठा एकेक करून जोडल्या गेल्या आणि त्यांतून शहर आकारास आले.

कसब्याचे पुनर्जीवन

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. 758 आणि 768 च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' व 'पुनक विषय' असे उल्लेख आढळतात. पुढे मुठेच्या काठी कसबा नांदू लागला. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ही वस्ती बेचिराख केली. उजाड गावावर गाढवांचा नांगर फिरविला गेला, असे परंपरा सांगते. शहाजीराजांच्या जहागिरीतील या गावी जिजाबाई बालशिवाजीसह आल्या आणि गणपतीच्या स्थापनेने ओसाड कसब्यात पुन्हा दिवा लागला. आजही कसबा गणपतीस ग्रामदैवताचा मान आहे. कसब्यातील तांबट आळी आणि कुंभारवाडा ही नावे तेथे स्थिरावलेल्या कारागिरांची साक्ष देतात.

वारांची नावे

बाजीराव पेशव्यांनी 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि पुणे राजकारणाचे केंद्र बनले. जुन्या पेठांना वारांची नावे मिळाली. मुर्तजाबाद शनिवार पेठ झाली. 1703 मध्ये औरंगजेबाच्या मुक्कामी ठेवलेले 'मोहियाबाद' हे नाव मागे पडून तेथे बुधवार पेठ रूढ झाली. विसापूर शुक्रवार पेठ म्हणून ओळखले जाऊ लागले. सदाशिव व नारायण या पेठांना पेशवे घराण्यातील पुरुषांची नावे लाभली, तर नाना, रास्ता व घोरपडे या पेठा मुत्सद्दी आणि सरदारांच्या नावे वसल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेठांची संख्या अठराच्या घरात पोहोचली होती.

कौल आणि पाणी

पेठ वसविण्यास आज्ञेपेक्षा विश्वास अधिक लागे. त्यासाठी सरकारातून कौल दिला जाई. नव्या वसाहतीस काही वर्षे करांत सूट मिळे. शेटे व महाजन यांना वतनाचे हक्क मिळत. त्या बदल्यात त्यांनी व्यापारी-कारागीर आणावेत आणि बाजाराची व्यवस्था पाहावी, अशी अपेक्षा असे. या अभयावर विसंबून दूरदूरची कुटुंबे पुण्यास आली. गुजरात-मारवाडातून आलेल्या व्यापारी समाजानेही येथे पेढ्या मांडल्या. गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिर या समाजाच्या स्थैर्याची खूण होय.

मात्र केवळ सवलतींवर वस्ती टिकत नाही. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळाने शहरात आणले. उतारावरून वाहणारे हे पाणी वाटेतील उच्छ्वासांतून मोकळे होत पेठापेठांतील हौदांत पोहोचे. मंदिरे आणि वाडे यांच्या वैभवामागे हे न दिसणारे पाणी होते.

अपुरा राहिलेला कौल

तथापि हा कौल सर्वांसाठी नव्हता. ज्या शहरात हौद तुडुंब भरत, त्याच शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना हौदावर जाण्यास मज्जाव होता. ही उणीव भरून काढण्याचे धैर्य पुढे एका पेठेतूनच प्रकटले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी वीस वर्षे, 1848 मध्ये, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली होती आणि सावित्रीबाईंनी तेथे अध्यापन केले. राजसत्तेने दिलेल्या कौलाच्या मर्यादा अशा रीतीने एका नागरिक दांपत्याने ओलांडल्या. गंज पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते.

सत्ता गेली, पेठा राहिल्या

17 नोव्हेंबर 1817 रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण फडकले आणि 1828 च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती भस्मसात झाल्या. दरबार संपला, परंतु बाजार टिकला. 1858 मध्ये रेल्वे पुण्यास पोहोचली. 1886 मध्ये शुक्रवार पेठेत रे मार्केट उभे राहिले. तीच आजची महात्मा फुले मंडई. 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या प्रलयात नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

अलीकडच्या काळात पेठांचे रूप झपाट्याने पालटत आहे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. जीर्ण झालेला भिडे वाडा राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर 2023 मध्ये उतरविण्यात आला. सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रोची स्थानके प्रवाशांच्या सेवेत आहेत. कालमानानुसार बदल अटळ आहेत. परक्याला आसरा देणारा कौल आणि तहानलेल्यास जातपात न पाहता खुला झालेला हौद, हा पेठांचा खरा वारसा होय. तो जपणे हे प्रत्येक पिढीचे कर्तव्य आहे.