दोन नोकऱ्या आणि एक विषाणू

परवा शनिवारी आजीला भेटायला तिच्या वृद्धाश्रमात गेलो होतो. दारावर नेहमीप्रमाणे सॅनिटायझर, वहीत नाव, सही. आजीची वेणी घालणाऱ्या मावशींची निघायची गडबड चालली होती. "पाचला दुसरीकडे ड्युटी असते दादा," म्हणाल्या. परत येताना डोक्यात एकच गाव घोळत होतं... कर्कलंड.

हे गाव अमेरिकेत सिअॅटलजवळ. मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला लागून, त्यामुळे आम्हा आयटीवाल्यांच्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिथे राहून आलेलं असतं. तिथे 'लाईफ केअर सेंटर' नावाचं नर्सिंग होम आहे. (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर आजारी, वयस्कर माणसांची राहण्याची जागा.) फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे खोकला-तापाची साथ आली. फ्लूच्या चाचण्या बहुतेक निगेटिव्ह. २८ फेब्रुवारीला एका बाईंना कोविड असल्याचं कळलं, आणि १८ मार्चपर्यंत आकडा गेला १६७ वर. त्यात १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेली माणसं. रहिवाशांपैकी ३४ दगावले. एव्हाना त्या एका किंग काउंटीत अशा किमान ३० ठिकाणी रुग्ण सापडले होते.

कसं पसरलं? तपासात जी कारणं पुढे आली त्यात दोन मला फार बोचली. काही कर्मचारी अंगात लक्षणं असताना कामावर येत होते, आणि काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते.

बरं, ताप तपासून माणसं बाजूला काढू म्हणावं, तर तेही पुरेसं नव्हतं. त्याच काउंटीतल्या दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये ७६ रहिवाशांची तपासणी केली. ४८ पॉझिटिव्ह, आणि त्यातल्या २७ जणांना चाचणीच्या वेळी काहीच लक्षण नव्हतं! म्हणजे आमच्या भाषेत, अलार्म वाजायच्या आधीच सर्व्हर बसलेला.

आता जरा उत्तरेला, सीमेपलीकडे कॅनडात. नॉर्थ व्हँकुव्हरच्या 'लिन व्हॅली केअर सेंटर'मध्ये मार्च २०२० मध्येच साथ आली, देशातला कोविडचा पहिला मृत्यू तिथलाच. पण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांनी मार्च संपायच्या आत हुकूम काढला: एका कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी काम करायचं. कोण कुठे कुठे काम करतं याच्या याद्या गोळा झाल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. दुसरी नोकरी सुटली की पोट कसं भरणार? म्हणून सरकारने पदरचे पैसे घालून सगळीकडचे पगार एका पातळीवर आणले. एकाच जागी जास्त तास दिले.

थोडक्यात काय, मास्क आणि साबणाइतकाच पगाराचा कागदही साथ रोखण्याचं हत्यार असतो. नुसती बंदी घातली असती तर लोकांनी दुसरी नोकरी लपवली असती. मीही लपवली असती.

असो. रविवारी व्यवस्थापकांना फोन करून विचारलं, मावशी आजारी पडल्या तर त्या दिवसाचा पगार? "कापतो. परवडत नाही हो." त्यांचंही खोटं नाही. मग नातेवाईकांच्या ग्रुपवर विषय काढला: प्रत्येकाने महिन्याला थोडे जास्त देऊन आजारपणाची भरपगारी रजा सुरू करायची का? आतापर्यंत तिघांचा होकार आलाय. बाकीचे वाचून गप्प आहेत.

पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. मावशींना अजून काही बोललो नाहीये.