कारूरा

उर्दूत दोन माणसांचं चांगलं जमलं की ‘त्यांचा कारूरा मिळतो’ असं म्हणतात. वर्गात हा वाक्प्रचार आला की मुलं हसतात, कारण कारूरा म्हणजे हकिमाला दाखवायची लघवीची बाटली. मूळ अरबी अर्थ काचेची कुपी.

हा विनोदाचा विषय नव्हता. इब्न सिनाच्या (मृत्यू 1037) ‘अल-कानून फित्तिब’मध्ये लघवीचा रंग, दाटपणा, वास, फेस, गाळ यांची तपशीलवार चर्चा आहे. एक इशाराही आहे: रुग्णाने केशरासारखा रंग उतरवणारा पदार्थ खाल्ला असेल, तर रंगावर निदान करू नका.

रुग्णाचा पेशा मात्र त्या कुपीत दिसत नव्हता. 1700 साली इटलीच्या रामाझिनीने कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, रुग्णाला ‘काम काय करतोस?’ हेही विचारा.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते इस्तंबूलमध्ये दिसलं. तिथले रक्तरोगतज्ज्ञ मुजफ्फर अक्सोय यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण येत होते, आणि त्यांत बूट बनवणारे बरेच. हवा न खेळणाऱ्या लहान खोल्यांत ते बेंझीन असलेला गोंद वापरत. 1974 मध्ये अक्सोय यांनी 28,500 बूट कामगारांमधले असे 26 रुग्ण नोंदवले. पुढे बेंझीनचा वापर घटला, तसे रुग्णही घटले.

पण तोपर्यंत माणूस आजारी पडलेला असे. आधी कसं कळावं? त्या काळी लघवीतलं फिनॉल मोजत, कारण शरीर बेंझीनचं फिनॉल करतं. अडचण इब्न सिनाच्या केशराचीच! फिनॉल अन्नातूनही तयार होतं, त्यामुळे थोडं बेंझीन त्यात हरवून जाई.

आता मास स्पेक्ट्रोमीटर एस-फिनाइल मर्कॅप्ट्युरिक आम्ल शोधतो. लघवीतले घटक आधी वेगळे केले जातात, मग रेणूंना विद्युतभार देऊन वस्तुमानानुसार निवडलं जातं. 238 चा आयन निवडून फोडला की 109 चा तुकडा निघतो. ही जोडीच त्याची ओळख. पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ होते, म्हणून हिशेब क्रिएटिनिनच्या प्रमाणात करतात. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची मार्गदर्शक पातळी होती दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 25 मायक्रोग्रॅम. नमुना पाळी संपताच घ्यायचा. सुट्टीनंतर घेतला तर खूण बरीचशी पुसली जाते. सिगारेटमधूनही बेंझीन शरीरात जातं, म्हणून यंत्र असलं तरी माणसाला विचारावं लागतंच.

आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याने बेंझीनची विषबाधा नोंदवण्याजोगा आजार ठरवली. पण चार-पाच जण पट्टे-बॅगा चिकटवत बसलेली धारावीतली खोली त्या कायद्याच्या व्याख्येत सहसा बसत नव्हती. तिथली लघवी तपासणार कोण?

चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये टोल्यूइन किंवा हेक्सेनही असू शकतं. त्यांच्याही खुणा लघवीत उतरतात. हेक्सेन तर हातापायांच्या नसा निकामी करतं. आपल्या घरात कुणी हे काम करत असेल तर खिडकी उघडी ठेवायला सांगा. सारखा थकवा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त किंवा पायांना मुंग्या असं काही असेल, तर डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: हा दिवसभर सोल्यूशनजवळ बसतो.