ओसरीवरचा पाहुणा

पोळ्याची कर उजाडली की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी माळ्यावरून लाकडी बैल खाली यायचा. एक चाक सुतळीनं आवळलेलं, डाव्या शिंगाचा टवका उडालेला. आजी त्याला हळदकुंकू लावी आणि आम्ही पोट्टे दारोदार बोजारा मागायला सुटायचो. कुठं करंजी, कुठं दहा पैसे. पण पुरणपोळी रात्रीची शिळी, साजूक तूप सोडून, ती घरचीच.

त्याच दिवशी इतवारीत काळी मारबत निघे, म्हणजे काळ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. आबाजी खांद्यावर बसवून दाखवायला नेत. गर्दीत वाकून म्हणत, "तुह्या हातातला बैल ज्या राजाचा ना, ही मारबत त्याच्याच बायकोची म्हंतात!"

राजा म्हणजे दुसरे रघुजी भोसले. लाकडी बैलांचा हा तान्हा पोळा त्यांनीच सुरू केला, संत्र्याची रोपंही त्यांनीच आणवली, असं महालात अजूनही सांगतात. आमचा कुणी पूर्वज त्यांच्या पागेत होता, असं आजी सांगे. आबाजी म्हणत, पागेत नाही, कोठीवर, धान्य मापायला. मला आपली पागाच बरी वाटते.

१८०३ साली रघुजी इंग्रजांशी लढले आणि हरले. असई, अडगाव, शेवटी मेळघाटातला गाविलगड. देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड गेलं. नागपुरात कंपनीचा रेसिडेंट ठेवून घ्यावा लागला. आधी एल्फिन्स्टन, मग जेन्किन्स. पण कंपनीची तैनाती फौज? तेवढं मात्र रघुजींनी मरेपर्यंत मान्य केलं नाही. आबाजींच्या भाषेत, "पाहुणा आला त ओसरीवर बसवा, पान-सुपारी द्या. कोठीची किल्ली कायले द्याची?" कोठीवाल्याचा वंशज हेच बोलणार!

मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. मुलगा परसोजी आजारी, कारभाराच्या कामाचा नाही. पुतण्या मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब, कारभारी झाला. दरबारात त्याला विरोध करणारे होतेच, त्यात काकू बाकाबाईही. घरातली भांडणं निस्तरायला त्यानं बाहेरचा आधार शोधला. काकानं बारा वर्षं टाळलेली तैनाती फौज पुतण्यानं दोन महिन्यांत, मे १८१६ मध्ये, तह करून आणली. पुढच्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. इथं आजी आवाज खाली आणी आणि आम्हाला पाणी आणायला पिटाळी. आप्पासाहेबावर संशय होता, हे मला पुढं पुस्तकातून कळलं.

गादी मिळाली आणि दोस्ती टोचू लागली. पुण्यात पेशव्यांनी उचल खाल्ली, तशी आप्पासाहेबानंही. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ, सीताबर्डीची टेकडी, तिच्यावर जेन्किन्स आणि कंपनीची फौज. भोसल्यांची फौज कितीतरी पटीनं मोठी, अरब तर जिवावर उदार. रात्रभर तोफा चालल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाव उलटला. महिनाभरात खुद्द नागपूरही पडलं.

पुढचं आबाजी तुकड्यातुकड्यानं सांगत. आप्पासाहेबाला कैद करून अलाहाबादकडे नेत होते, वाटेतून तो निसटला. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्याला आसरा दिला, मग असीरगड, मग पंजाब. इकडे लहानग्या तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवून कारभार जेन्किन्सनं चालवला आणि वाड्यात बाकाबाई. सत्तावन्नच्या धामधुमीतही ती इंग्रजांच्या बाजूनं राहिली. लोकांनी तिला काळ्या मारबतीत बसवली, ती आजतागायत. आजी मात्र कुरकुरे, "तिच्या जागी दुसरी बाई काय करती? राज्य त आधीच खालसा झालं होतं." १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीनं राज्य गिळलं होतं. आजीचं हे म्हणणं मला आता पटतं.

काका हरला होता, पण नाही म्हणायची जागा त्यानं राखली. पुतण्या शूर नव्हता असं मी म्हणणार नाही. पण किल्ली आधी देऊन बसला आणि मग कुलूप बदलायला निघाला. त्या किल्लीच्या जोरावरच जेन्किन्स टेकडीवर पाय रोवून होता.

सीताबर्डीचा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. वर्षातून मोजक्याच दिवशी तो लोकांसाठी उघडतात. एका सव्वीस जानेवारीला आबाजींनी आम्हाला तिथं नेलं होतं. परतताना त्यांनी संत्री घेतली. सोलता सोलता मी विचारलं, आप्पासाहेबाच्या नावानं काय निघतं?

"काहीच नाही," आबाजी म्हणाले. "ना बैल, ना मारबत."

१८४० साली आप्पासाहेब जोधपूरला वारला. नागपूर त्याला पुन्हा दिसलं नाही.