देवळालीचा ‘ताप’ : एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा

एखाद्याचे डोके ठिकाणावर नसले की ब्रिटनमध्ये तो ‘डूलॅली’ झाला असे म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की, आपण नाशिकजवळच्या एका गावाचे नाव घेत आहोत. परभणीहून रेल्वेने मुंबईला जाताना नाशिक रोड सुटल्यावर लगेच लागते, तीच ही देवळाली.

मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता. पहिले पद गावाच्या नावाचा अपभ्रंश. दुसरे म्हणजे आपला ‘ताप’! पुढे ‘टॅप’ गळून पडले आणि एकटी देवळाली वेडाचा पर्याय होऊन बसली. मराठीतून इंग्रजीत गेलेले ‘मुंगूस’ प्रवासवर्णनांच्या वाटेने गेले. हा शब्द मात्र गेला साध्या गोऱ्या शिपायाच्या तोंडून.

१८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि घाटमाथ्यावरची देवळाली मुंबई बंदराशी जोडली गेली. येथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नव्याने आलेल्या पलटणी येथे थांबत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाईही मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच राहत. अडचण अशी की, सैनिकी जहाजे साधारण हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करीत. वसंतातले शेवटचे जहाज हुकले की पुढची शरदापर्यंत गाठ पडत नसे. शस्त्र नाही, ठरलेले काम नाही. उरले ऊन, मद्य, हिवताप, गुप्तरोग आणि रिकामे दिवस. वर्षानुवर्षे निष्कलंक नोकरी केलेले शिपाई येथे बिघडत, काही तर थेट तुरुंगात जात.

या वेडाचे खापर सर्रास उन्हावर फोडले जाते. मला ते पटत नाही. देवळाली साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. हवापालटासाठी लोक मुद्दाम तेथे जात आले आहेत. उन्हानेच माणसे वेडी होत असती, तर इंग्रजी कोशात आमच्या परभणीचे नाव आधी लागले असते! विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्सने १९३६च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या शब्दप्रयोगाचे मूळ छावणीतल्या कंटाळ्यात शोधले आहे. त्याची स्वतःची मुदत संपण्यापूर्वीच शिपायांना देवळालीत अडकवून ठेवण्याची प्रथा बंद झाली होती. म्हणजे हा रोग हवामानाचा नव्हता. तो जहाजांच्या वेळापत्रकाचा होता.

प्रथा गेली, शब्द राहिला. १९७४ मध्ये बीबीसीने ब्रिटिश सैनिकांच्या छावणीवर विनोदी मालिका काढली, तेव्हा कथेचे पहिले ठाणे देवळालीच होते. मालिकेचे नाव ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, म्हणजे साधारण ‘आई गं, काय हे ऊन!’. दोष पुन्हा उन्हालाच.