पॉम्पेई नको, संजाणला चला!

बऱ्याच जणांचे मेसेज आहेत : रोमवर एपिसोड करा, पॉम्पेईवर करा. रील्स पाहून माझंही मन तिकडे धावतंच. पण आधी एका इटालियन माणसाची गोष्ट सांगतो. तो उलट्या दिशेने आला होता.

जेमेल्ली कारेरी त्याचं नाव. नेपल्सचा वकील. धंद्यात मन रमेना म्हणून जग फिरायला निघाला आणि १६९५ मध्ये दमणला उतरला. तिथून वसई पाहिली, मग कान्हेरीच्या लेण्यांत गेला आणि पुस्तकात त्यांचं भरभरून वर्णन केलं. गंमत अशी, की त्याच्या घराजवळचं पॉम्पेई तेव्हा राखेखाली होतं. तिथे खोदकाम सुरू झालं १७४८ मध्ये. म्हणजे आपली लेणी डोळे भरून पाहणाऱ्या या गड्याच्या उशाशी अख्खं शहर गाडलेलं, आणि त्याला पत्ता नाही!

आपलं काय वेगळं आहे? डहाणू रोडला लोकल संपते. पुढे मेमू पकडली की घोलवड, बोर्डी, उंबरगाव आणि मग संजाण. शाळेच्या सहलीत मी संजाणला गेलो होतो. पारशी लोक इराणहून इथे उतरले, त्याची आठवण म्हणून १९२० मध्ये उभारलेला स्तंभ पाहिला, वडापाव खाल्ला, परत. दुधात साखरेची गोष्ट तेव्हाच पाठ झाली. तुम्हालाही पाठ असेल, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते एका ताम्रपटामुळे. तो सापडला आपल्याच डहाणू तालुक्यात, चिंचणीला, १९५५ मध्ये. जमिनीतून एक नाही, ताम्रपटांचा संचच निघाला. त्यातला सगळ्यात जुना शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, संस्कृतात कोरलेला.

आता नीट ऐका. संजाणचं तेव्हाचं नाव संयान. त्याच्या भोवतीचा मुलूख म्हणजे संयान मंडल. या मंडलाचा कारभारी कोण? मधुमती. नाव ऐकून बाई वाटते ना? पण हा पुरुष, आणि ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणतो. अरबांसाठी तेव्हा हाच शब्द होता. मधुमती म्हणजे मुहम्मद. कोरणाऱ्याने त्याचं नाव सरळ संस्कृत करून टाकलं. आजी नाही का, परक्या नावाला आपल्या जिभेवर बसवून घेत, तसंच. बापाचं नाव सहियारहार, म्हणजे बहुधा शहरियार. तिसऱ्या इंद्राचा आजा दुसरा कृष्ण, त्याने याला हे मंडल सोपवलं होतं.

आणि या मुहम्मदने केलं काय? किनाऱ्यावरची बंदरं राजासाठी ताब्यात आणली, हे तर आलंच. पण ताम्रपट आणखी दोन कामं सांगतो. एक, दोन नद्यांवर फुकट होडी. दोन, संयानमध्ये अन्नछत्र : साळीचा भात, कालवण आणि तूप, तेही विनामूल्य. मूळ ताम्रपट आहे दानाचा, आणि दान कुणाला? भगवती देवीच्या मठाला. अण्णय्य नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठासाठी, राजाच्या परवानगीने, मुहम्मदने गाव आणि जमीन दिली.

मला यात ‘बघा, सगळे कसे गुण्यागोविंदाने राहत होते’ असं म्हणायचं नाही. बंदर चालवायचं तर व्यापारी लागतात, व्यापाऱ्यांना शांतता लागते, आणि देवीच्या मठाला दान देणं हा राज्यकारभारच होता. पण ‘हे आपले, ते बाहेरचे’ अशी दोन रंगांची रेघ मारणारा फॉरवर्ड येतो, तेव्हा मला हा पत्रा आठवतो. ती रेघ इथे बसत नाही. राजा दख्खनचा, कारभारी अरब, भाषा संस्कृत, शेजारी पारशी. खटकतं एकच. राजा, मंत्री, कारभारी, सगळ्यांची नावं आहेत. होडी वल्हवणाऱ्याचं नाव नाही.

२००२ ते २००४ या काळात संजाणला खोदकाम झालं. वारोली नदीच्या काठी पश्चिम आशियातली चकचकीत मुलाम्याची भांडी, चिनी मातीची खापरं, काचेचे तुकडे आणि एक जुनी दखमा निघाली. पत्र्यावर लिहिलेलं बंदर मातीतही सापडलं.

यावेळी मी स्तंभापाशी न थांबता नदीकडे गेलो. ही वारोली आपल्या तलासरीकडूनच येते, दापचरीजवळ कुर्झे धरणात अडते, आणि राज्याची हद्द ओलांडून संजाणला पोचते. मधुमतीच्या वेळी ही हद्द नव्हती. आता मंडलाचे दोन तुकडे झालेत. संजाण गुजरातेत, त्याचा ताम्रपट निघाला ते चिंचणी महाराष्ट्रात. म्हणून आमच्या पुस्तकात संजाण नाही आणि तिकडे चिंचणीचं नाव कुणी काढत नाही.

काठावर भरती उतरत होती. चिखलात खेकडे. एका काकांना विचारलं, इथे पूर्वी होडी चालायची का? ते म्हणाले, ‘चालायची ना. पूल झाला नि बंद पडली.’ पैसे किती घ्यायचे, ते विचारायचं राहूनच गेलं. मेमूची वेळ झाली होती.